घरी धातूवर एचिंग करायचंय? ॲसिड कुठून आणायचं, कसं हाताळायचं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तांब्याच्या पाटीवर घराचं नाव, पितळेच्या कड्यावर नक्षी, कॉलेजच्या प्रोजेक्टचं पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची तांब्याचा थर असलेली पट्टी), चाकूच्या पात्यावर लाटांची डिझाईन, असं काहीतरी घरी करून बघायचं म्हणून जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, शहादा अशा सगळीकडून लोक विचारत असतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल: घरच्या कामाला तेजाब (नायट्रिक ॲसिड) लागत नाही. नव्वद टक्के कामं फेरिक क्लोराईड (लोखंडाचा एक क्षार) नाहीतर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि मीठ यात होतात, आणि जे त्यात होत नाही ते घरी करूच नये.

एचिंग म्हणजे नक्की काय होतं?

धातूचा जो भाग वाचवायचा त्यावर मार्कर, नेलपॉलिश, मेण, डांबर असं काहीतरी लावायचं आणि बाकीचा भाग रसायनाला खाऊ द्यायचा, बस एवढंच. रसायन उघडा धातू विरघळवतं, झाकलेला तसाच राहतो, नंतर वरचा थर पुसला की डिझाईन दिसते.

मग घेऊ काय? नावं दहा जण दहा सांगतात.

धातू कोणता आहे त्यावर ठरतं.

तांबं आणि पितळ असेल तर फेरिक क्लोराईड, डोळे झाकून. पीसीबीलाही तेच. कार्बन स्टीलचं पातं असेल तरी तेच, फक्त पातळ करून, तयार द्रावण एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर तीन भाग एवढं पुरतं.

ॲल्युमिनियम किंवा जस्त असेल तर फेरिकच्या वाटेला जाऊ नका. ॲल्युमिनियम फेरिकमध्ये टाकलं की उकळी फुटल्यासारखं होतं, द्रावण तापतं, हायड्रोजन निघतो, वरून शिंतोडे उडतात. त्याला मोरचूद आणि साधं मीठ. लिटरभर पाण्यात दोन्ही ५०-५० ग्रॅमपासून सुरुवात करा. यात मिठाचं काम महत्त्वाचं आहे बरं का, ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा जो पातळ थर असतो तो मिठातलं क्लोराईड फोडतं, नाहीतर मोरचूद नुसतं वरून बघत बसतं. काम चालू झालं की लालसर तांब्याचा गाळ बसायला लागतो, तो मऊ ब्रशनं हलक्या हातानं काढत राहायचा. इथंही बुडबुडे आणि थोडी उष्णता येतेच, म्हणून उघड्यावर, आणि जवळ गॅस-काडेपेटी काही नको.

चांदी असेल तर सोनाराकडे द्या. फेरिकमध्ये चांदीवर सिल्व्हर क्लोराईडचा थर बसतो आणि काम तिथंच अडकतं.

फेरिक क्लोराईड भेटतं कुठं?

इलेक्ट्रॉनिक्स पार्ट विकणाऱ्यांकडे. जळगावात गोलाणी मार्केटच्या भागात विचारा, धुळ्यात-भुसावळात रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं सामान ठेवणारी जुनी दुकानं शोधा, ती माणसं नाव घेतल्या घेतल्या पाकीट काढून देतात. दुसरी जागा म्हणजे शाळा-कॉलेजच्या लॅबला केमिकल पुरवणारे. ऑनलाईनही भेटतं.

घेताना एकच बघा, ढेकळं कोणती आहेत. पिवळसर-तपकिरी, ओलसर वाटणारी असतील तर ती पाणी धरलेली, सोपी. काळपट हिरवी चमक असलेली सुकी पावडर असेल तर ती निर्जल, म्हणजे पाणी लागलं की जोरात तापणारी. नवीन माणसानं पहिलीच घ्यावी. आणि हवेतली ओल दोन्ही ओढतात, पाकीट फोडलं की उरलेलं लगेच घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात टाका.

आणि मोरचूद?

हे तर आपल्याकडं सगळ्यात सोपं. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात जा, लिंबू-डाळिंबवाले बोर्डो मिश्रण करायला नेतात तेच. पाकिटावर कॉपर सल्फेट, २४ टक्के तांबं असं लिहिलेलं असतं. निळे खडे दिसायला सुंदर असतात, खडीसाखरेसारखे, आणि हाच त्याचा धोका, लहान मूल तोंडात घालू शकतं. पोटात गेलं तर विष आहे ते. माशांनाही फार घातक, म्हणून विहिरीत, नाल्यात, शेततळ्यात एक थेंब जायला नको.

सोनाराकडचं तेजाब आणू का? ओळखीतून भेटतंय.

नका आणू. भेटतंय हे मला माहिती आहे, जळगावसारख्या सोन्याच्या गावात सराफ बाजाराच्या मागच्या गल्ल्यांमध्ये सोनं गाळणारी माणसं तेजाबावर रोज काम करतात, त्यातले बरेचसे गलाईवाले सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातून आलेले, पिढ्यान् पिढ्या हेच काम. त्यांची भट्टी, त्यांचं धुराडं, त्यांचा हात वेगळा आणि आपलं बाल्कनीतलं टेबल वेगळं.

तेजाब म्हणजे नायट्रिक ॲसिड. ते तांब्यावर पडलं की तपकिरी-लाल धूर निघतो, नायट्रोजन डायऑक्साईड. हा धूर फसवा आहे. श्वासात गेला तेव्हा थोडा खोकला, थोडं डोळ्यांत पाणी, मग माणूस म्हणतो बरं वाटतंय आणि जेवून झोपतो, आणि काही तासांनी, कधी कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. तपकिरी धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला स्पष्ट सांगायचं की ॲसिडचा धूर गेलाय. हे वाक्य लक्षात ठेवा, बाकी काही नाही ठेवलं तरी चालेल.

शिवाय नायट्रिक थिनर, ॲसिटोन, लाकडाचा भुसा, चिंध्या यांच्याजवळ आलं तर आग लागू शकते, आणि आपल्या कामाच्या टेबलावर नेमक्या ह्याच वस्तू असतात.

फरशी पुसायचं ॲसिड, टॉयलेट क्लिनर, बॅटरीचं ॲसिड चालेल का?

फरशीचं ॲसिड आणि टॉयलेट क्लिनर हे पातळ हायड्रोक्लोरिक. नुसत्या हायड्रोक्लोरिकनं तांबं खाल्लं जातच नाही, तासभर ठेवा, तुकडा फक्त चकचकीत होईल. टॉयलेट क्लिनरमध्ये तर रंग, साबण, घट्ट करणारी द्रव्यंही असतात. बॅटरीचं ॲसिड म्हणजे सल्फ्युरिक, तेही पातळ असताना तांब्याला हात लावत नाही, कातडीला मात्र लावतं.

हायड्रोक्लोरिकमध्ये हायड्रोजन पेरॉक्साईड घालून एचिंग करायचे व्हिडिओ बरेच जण पाठवतात. होतं त्यानं, वेगानं होतं, पण पेरॉक्साईड जास्त पडलं की क्लोरीन निघतो. पहिल्या कामाला हा मार्ग नको.

आणि ब्लीच, ब्लीचिंग पावडर, जंतुनाशक फिनाईल-बिनाईलच्या बाटल्या ॲसिडच्या जवळपास नकोत. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन, मग ते संडासात आलं काय नि अंगणात आलं काय.

कायदा काय म्हणतो? आधार कार्ड का मागतात?

सुप्रीम कोर्टानं २०१३ च्या जुलैमध्ये लक्ष्मी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात आदेश दिला तेव्हापासून ॲसिड असं सुट्टं विकता येत नाही. दुकानदारानं रजिस्टर ठेवायचं, त्यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता, किती घेतलं ते लिहायचं, पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र बघायचं, कशासाठी पाहिजे ते विचारायचं, १८ वर्षाखालच्याला द्यायचंच नाही. त्यानं आपल्याकडचा साठाही प्रांताधिकाऱ्याला कळवायचा असतो आणि नियम मोडला तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. हे सगळं मुलींवर झालेल्या ॲसिड हल्ल्यांमुळं आलंय. म्हणून दुकानदारानं कार्ड मागितलं तर वाईट वाटून घेऊ नका, उलट जो काहीच न विचारता बिनलेबलची बाटली हातात देतो त्याच्याकडून घेऊ नका, आत काय आहे नि किती तीव्र आहे हे त्यालाही माहिती नसतं.

घेतल्यावर बिल जपून ठेवा आणि बाटली दुसऱ्याला 'थोडंसं दे ना भो' म्हटलं तरी देऊ नका.

फेरिकचं द्रावण बनवायचं कसं?

पिवळसर ढेकळं १०० ग्रॅम घेतली तर त्यात खरं फेरिक क्लोराईड ६० ग्रॅम असतं, बाकी पाणी. त्यात ५० मिली पाणी घातलं तर ४० टक्क्यांचं तगडं द्रावण होतं. घरच्या कामाला एवढं जाड नको, १०० ग्रॅमला १५० मिली पाणी घ्या, छान चालतं.

आधी पाणी, मग ढेकळं, थोडी थोडी. हा क्रम कधीही उलटा करायचा नाही, कुठल्याही ॲसिडच्या बाबतीत नाही, कारण थोडं पाणी भरपूर ॲसिडवर पडलं की तिथल्या तिथं उकळतं आणि उडून तोंडावर येतं. पाणी गार घ्या. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, स्टीलचं पातेलं नको, ॲल्युमिनियम तर नकोच. ढवळायला प्लास्टिकचा चमचा, आणि तो चमचा परत स्वयंपाकघरात जाणार नाही असा आत्ताच तोडून-मोडून खूण करून ठेवा.

थोडं सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबूफूल घातलं तर रेषेत गाळ कमी साचतो आणि कडा स्वच्छ येतात. हे एडिंबरामधल्या प्रिंटमेकर लोकांनी १९९० च्या दशकात लोकप्रिय केलं, नायट्रिकला पर्याय म्हणून. आपल्याकडं किराणा दुकानात लिंबूफूल भेटतंच.

तुकडा द्रावणात कसा ठेवायचा?

पालथा. डिझाईन खाली. विरघळलेला गाळ रेषेतच बसून राहिला तर पुढचं एचिंग थांबतं, पालथा ठेवला की गाळ आपोआप खाली पडतो. मागच्या बाजूला पॅकिंग टेप पूर्ण चिकटवा, त्यावर डबल टेपनं थर्माकोलचा तुकडा लावा आणि सरळ तरंगत सोडा. सोडताना एका बाजूनं तिरपा टेकवत सोडा, एकदम आडवा सोडला की खाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि तेवढा गोल डाग कोरा राहतो. दर दहा मिनिटांनी उचलून बघा. पीसीबीचा पातळ तांब्याचा थर साधारण ३५ मायक्रॉन असतो, तो अर्ध्या तासाच्या आत जातो, पाटीवर बोटाला लागेल एवढी खोली पाहिजे तर तास-दीड तास धरा.

बाहेर काढला की नुसत्या पाण्यानं धुऊन थांबू नका, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, फेस येईल, तो थांबेपर्यंत ठेवा. नाहीतर रेषेत राहिलेलं फेरिक आपलं काम चालूच ठेवतं आणि दोन दिवसांनी हिरवे डाग येतात.

आमच्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री असतं. काही फरक पडतो का?

खूप पडतो. परदेशातले व्हिडिओ बघाल तर ते लोक द्रावण गरम करायला हीटर लावतात, आपल्याला उन्हाळ्यात तशी गरजच नाही, टाकीचं पाणीच कोमट येतं. एचिंग लवकर होतं पण वाफही जास्त आणि मार्करचा थर मऊ पडून सुटतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये काम सकाळी सात-आठच्या आत उरका.

खरी काळजी साठवणीची. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी आत जे तापतं त्यात बाटली फुगते, झाकण उघडताच फस्सकन वाफ तोंडावर येते. घरातली उत्तरेकडची, सावलीतली, जमिनीलगतची जागा बघा. उघडताना तोंड बाजूला.

आणि कूलर! हे खास आपल्या भागाचं. कूलर खिडकीबाहेर बसवलेला असतो आणि मागून बाहेरची हवा ओढतो. त्याच खिडकीखाली ओट्यावर तुम्ही एचिंगचा ट्रे मांडला तर सगळी वाफ कूलर आत घरात फेकणार, जिथं पोरं नि आजी दुपारी झोपलेली असतात. ट्रे कूलरपासून लांब, घराच्या दुसऱ्या बाजूला, आणि वारा तुमच्या पाठीमागून येईल असं उभं राहा.

गच्चीवर करू की खोलीत पंखा लावून?

गच्चीवर, अंगणात, ओसरीत. बंद खोलीत पंखा म्हणजे तीच हवा गोल गोल फिरवणं. फक्त खाली शहाबादी फरशी असेल तर आधी जाड प्लास्टिक अंथरा, शहाबादी हा चुनखडीचा दगड, थेंब पडला की फेस येतो आणि तपकिरी डाग कायमचा बसतो.

मास्क कोणता? कोरोनातले पडून आहेत.

एन-९५ असो नाहीतर रुमाल, दोन्ही धूळ अडवतात, वाफ अडवत नाहीत. ॲसिडच्या वाफेला त्यासाठीचा कार्ट्रिज (वाफ शोषणारी डबी) लावलेला मास्क लागतो. पण फेरिक किंवा मोरचूद उघड्या हवेत, गरम न करता वापरलं तर मास्कची वेळच येत नाही, आणि ज्या कामाला कार्ट्रिजवाला मास्क लागणार ते काम घरी करू नये असं मला मनापासून वाटतं.

पैसे घालायचे तर चष्म्यावर घाला. चारी बाजूंनी बंद असा गॉगल, हार्डवेअरच्या दुकानात भेटतो. नंबरचा चष्मा पुरत नाही, थेंब बाजूनं जातो. हातात नायट्राईलचे ग्लोव्हज, घालायच्या आधी फुंकून बघा भोक आहे का. अंगात सुती फुल शर्ट, पायात बूट, चप्पल नको. ओढणी किंवा पदर खोचून, केस बांधून.

अंगावर उडालं तर?

पाणी. ताबडतोब, वाहतं, १५-२० मिनिटं. कपडे काढून टाका, लाज बाळगू नका. हळद, टूथपेस्ट, तूप, चुना काही लावायचं नाही, सोडासुद्धा कातडीवर नाही, सोडा फक्त फरशीसाठी.

डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून २० मिनिटं पाणी घालत राहायचं, मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, वर येताना ते अन्ननलिका परत जाळतं. चूळ भरा, १०८ ला फोन करा, बाटली किंवा लेबलचा फोटो सोबत न्या.

काम सुरू करायच्या आधी पाण्याची बादली भरून ठेवा. आपल्याकडं बऱ्याच गावात नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, तेव्हा नळाच्या भरवशावर बसायचं नाही. बादली भरलेली नसेल तर त्या दिवशी काम नाही.

ठेवायचं कशात?

ज्या बाटलीत आलं त्यातच. ते शक्य नसेल तर जाड पांढऱ्या एचडीपीई प्लास्टिकच्या डब्यात, वर मोठ्या अक्षरात मराठीत 'ॲसिड – विष' आणि तारीख. पाण्याच्या किंवा थंड्याच्या बाटलीत कधीच नाही, अगदी पाच मिनिटांसाठी नाही. उन्हातून आलेलं पोरगं बाटली बघतं आणि तोंडाला लावतं, लेबल कोण वाचतंय. कुलपाच्या कपाटात, खाली प्लास्टिकचा ट्रे, आणि त्याच कपाटात पाने-पक्कड ठेवू नका, वाफेनं सगळी गंजतील.

स्टीलच्या ताटा-वाट्यांवर नाव टाकता येईल का?

बाहेरच्या बाजूला येईल, पण त्यापेक्षा भांड्याच्या दुकानात मशीननं नाव टाकून घ्या, दोन मिनिटांचं काम. जेवण लागतं त्या आतल्या बाजूला कुठलंही एचिंग नको. मिठाच्या पाण्यात बॅटरी लावून स्टेनलेस स्टीलवर एचिंग करतात, त्यात क्रोमियमचं विषारी रूप आणि क्लोरीन दोन्ही निघू शकतं, म्हणून तो प्रकार लोकांना 'फक्त मीठच तर आहे' म्हणून सोपा वाटतो तेवढा सोपा नाही.

वापरून झालेलं द्रावण ओतायचं कुठं?

हा प्रश्न सगळ्यात कमी जण विचारतात आणि मला हाच सगळ्यात मोठा वाटतो. वापरलेल्या फेरिकमध्ये आता तांबं विरघळलेलं असतं. गटारीत ओतलं तर नाल्यातून ते गिरणेला, तापीला जाणार. शोषखड्ड्यात ओतलं तर बोअरला. सेप्टिक टँकमध्ये ओतलं तर आतले जिवाणू मरतात आणि टँक तुंबतो.

आधी तर लगेच टाकूच नका, फेरिक बऱ्याच वेळा वापरता येतं, अगदी मंद पडून हिरवट काळं होईपर्यंत. मग मोठ्या प्लास्टिकच्या बादलीत, पाव भागच भरेल एवढं घ्या आणि धुण्याचा सोडा चिमूट चिमूट टाकत जा. फेस जोरात वर येतो म्हणून मोठी बादली. फेस यायचा थांबला की पीएच पट्टी (आम्लपणा दाखवणारा कागद) लावा, ७ ते ८ आलं की बस. रात्रभर ठेवा, खाली तपकिरी-हिरवा चिखल बसेल, वर पाणी नितळ होईल. ते जुन्या सुती कापडातून गाळा. पाण्यावर निळी झाक असेल तर अजून तांबं आहे, थोडा सोडा अजून. मोरचुदाच्या उरलेल्या पाण्यालाही हीच पद्धत.

गाळलेला चिखल वाळवा, जाड पिशवीत बांधा, नाव लिहा. घनकचरा नियमांप्रमाणे घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा असतो, तुमच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत तो कुठं घेतात ते विचारा. एमआयडीसीत प्लेटिंगचं काम करणारं ओळखीचं युनिट असेल तर त्यांचा असा गाळ अधिकृत गाडीनं जातच असतो, विनंती करून बघा. उकिरड्यावर नाही, शेतात खत म्हणून तर अजिबात नाही, तांबं पिकाला लागतं खरं पण चिमूटभर, एवढा ढीग एका जागी पडला तर तिथलं पीक वर्षानुवर्षं नीट येणार नाही.

मुंबईहून किंवा नाशिकहून आणताना एसटीत, रेल्वेत चालेल का?

ॲसिड रेल्वेत न्यायला बंदी आहे, एसटीतही धोकादायक माल नेता येत नाही, आणि गर्दीच्या डब्यात वरच्या रॅकवरून बाटली पडली तर काय होईल याचा विचार करा. तयार द्रावण आणूच नका. फेरिकची ढेकळं छोट्या पाकिटात गावातच शोधा, नाहीतर लायसन असलेल्या सप्लायरकडून त्याच्याच ट्रान्सपोर्टनं मागवा. बाईकवर जवळून आणायचं तर बाटली डबल पिशवीत, डब्यात उभी, डबा मागं बांधलेला, हँडलला लटकवून किंवा मांडीवर धरून नाही.